तिरप्या रेघेनंतरचं नाव

शनिवारच्या एक्सेल शीटमध्ये एक्केचाळीस ओळी होत्या. शनिवारच्या फोल्डरमध्ये चाळीस पीडीएफ होत्या.

रविवारी लॅब दुपारी बंद होते आणि तोवर पेशंट दोन-चारच येतात, म्हणून स्वप्नाली या वेळात आठवड्याची आवराआवर करायची. रसायनं किती उरली ते बघायचं, फ्रिजचं तापमान लिहायचं, शनिवारचे रिपोर्ट दुसऱ्या डिस्कवर उतरवायचे. उतरवताना संगणकाने आकडा दाखवला: चाळीस. एखादी ओळ रिकामी असेल म्हणून तिने शीट वरून खाली पाहिली. रिकामी ओळ नव्हती.

रिपोर्टच्या पीडीएफ करणारा मॅक्रो, म्हणजे एक्सेलमधला छोटा प्रोग्राम, तिनेच लिहिला होता. त्याआधी काउंटरवरची रिटा प्रत्येक पेशंटची माहिती नमुन्यात भरायची, त्याची पीडीएफ करायची, नाव टाइप करून ठेवायची. तेवढ्यात संध्याकाळ सरायची आणि रिटाची मान धरायची. प्रिंट काढून पॅथॉलॉजिस्ट सुनंदा मॅडमकडे सहीला न्यायचं ते वेगळंच. आता एक बटण होतं. बटण दाबलं की मॅक्रो यादीतली एक ओळ उचलायचा, नमुन्यात भरायचा, खाली मॅडमच्या सहीचं चित्र लावायचा, पेशंटच्या नावाने पीडीएफ ठेवायचा आणि पुढच्या ओळीवर जायचा. रिटा त्याला देवदूताचं बटण म्हणायची आणि दाबण्याआधी गमतीने क्रूसाची खूण करायची. मग फोल्डरमधून एकेक फाइल उचलून ज्याच्या-त्याच्या व्हॉट्सॲपवर पाठवायची.

पहिल्याच आठवड्यात मॅक्रो एका नावावर अडला होता. रिटा वसईच्या जुन्या गावांतली, त्यामुळे गावच्या पेशंटच्या नावापुढे तिरपी रेघ मारून घराची ओळख लिहायची तिची सवय. फाइलच्या नावात तिरपी रेघ चालत नाही. संगणक ती घेतच नाही. स्वप्नालीने मॅक्रोमध्ये एक ओळ वाढवली होती: रेघ आली की रेघेसकट पुढचं सगळं कापायचं. नावं सुटसुटीत दिसू लागली. रिपोर्टवरही तीच गेली, आणि ट्यूबवरच्या चिकटपट्ट्याही त्याच मॅक्रोतून छापायच्या म्हणून त्यांवरही तीच.

आता तिने यादी नावाप्रमाणे लावली आणि त्या कापलेल्या रेघेपाशी थांबली.

पीटर तुस्कानो / बावखल.
पीटर तुस्कानो / फणस.

दोघांचं कापून एकच नाव उरत होतं. दुसरी फाइल पहिलीच्या जागी बसली होती. हाताने फाइल ठेवली तर संगणक विचारतो, याच नावाची आहे, पुसू का? मॅक्रोतून ठेवली तर विचारत नाही. हे स्वप्नालीला माहीत होतं. शिकतानाच तिने ते वाचलं होतं, आणि आपल्याकडे नावं वेगळी असतात असं धरून पुढे गेली होती.

तिने फोल्डरमधली फाइल उघडली. पीटर तुस्कानो, आयएनआर एक पूर्णांक एक. खाली सुनंदा मॅडमची सही, नेहमीसारखी डावीकडे झुकलेली.

शीटमध्ये हा आकडा फणसवाल्या पीटरचा होता. पित्ताशयाच्या ऑपरेशनआधीची तपासणी. बावखलवाल्या पीटरच्या ओळीत आकडा होता सहा पूर्णांक नऊ, आणि शेवटच्या रकान्यात रिटाने लिहिलं होतं: हृदयात झडप, गोळी चालू.

आयएनआर म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचं माप. निरोगी माणसाचं एकच्या आसपास असतं. ज्यांच्या हृदयात धातूची झडप बसवलेली असते त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि त्यांचं माप तीनच्या जवळ ठेवतात. कमी झालं तर झडपेवर गुठळी धरते. फार वाढलं तर कुठूनही रक्त सुरू होतं आणि थांबत नाही, पोटात, डोक्यात. सहा पूर्णांक नऊ म्हणजे गोळी ताबडतोब बंद.

आणि बावखलवाल्या पीटरच्या घरी गेला होता एक पूर्णांक एकचा रिपोर्ट.

तिने व्हॉट्सॲप उघडलं. बावखलवाल्या पीटरच्या नावापुढे कुवेतचा नंबर होता, जेसन, मुलगा. शनिवारी संध्याकाळी रिटाने पाठवलेली फाइल, दोन निळ्या खुणा, आणि खाली उत्तर:

"थँक यू रिटा आंटी. हार्टच्या डॉक्टरांना लगेच पाठवला. ते म्हणाले रक्त घट्ट झालंय, धोका आहे. आजपासून गोळी डबल, आणि उद्या चर्चमधली मिस्सा झाल्यावर पोटात रक्त पातळ करायचं इंजेक्शन. ग्लोरिया मावशी देणार. तुम्ही वेळेत दिला म्हणून बरं झालं."

डॉक्टरांनी काहीच चूक केली नव्हती. एक पूर्णांक एक पाहून कोणीही हेच सांगितलं असतं.

तिने कुवेतला फोन लावला. वाजत राहिला. रविवार तिथे कामाचा दिवस, आणि रिटाने एकदा सांगितलं होतं की जेसन तेलाच्या प्लांटवर आहे, आत फोन नेऊ देत नाहीत. रिटाचा फोन बंद. ती चर्चच्या गायनात असते. सुनंदा मॅडम बंगळूरच्या विमानात. शनिवारच्या पाळीचा टेक्निशियन सुरज गोखिवऱ्याला राहतो, त्याने उचलला.

"सुरज, कालचा सहा पूर्णांक नऊ."

"हां, बघितला मी. दोनदा लावला मशिनवर, दोन्ही वेळा तेवढाच."

"मग कोणाला सांगितलं नाहीस?"

"शीटमध्ये लाल केला ना! रिपोर्टवर पण लाल येतो आपोआप, तूच तर तसं केलंयस." मग त्याचा आवाज बदलला. "पूर्वी मॅडम सही करताना फोन करायच्या अशा पेशंटना. मला वाटलं आता पण करतात. काय झालं?"

"ट्यूब कोणाची होती?"

"पीटर तुस्कानो."

"दोन पीटर तुस्कानो होते. नंबर बघितलास?"

"बघितला असेनच की."

बघितला आणि बघितला असेन यांत किती अंतर आहे, ते दोघांनाही कळलं. मग सुरज म्हणाला, "मी येतो लॅबला."

फणसवाल्या पीटरच्या पुढे गावातलाच नंबर होता. तो उचलला गेला.

"हॅलो, लॅब का? मी ॲनिशा, त्यांची मुलगी. पप्पांचा रिपोर्ट नॉर्मल आहे ना? आता नाही असं नका हां सांगू. महिनाभर मनवलंय ऑपरेशनला."

"तुमच्या गावात आणखी एक पीटर तुस्कानो आहेत? बावखलाजवळ?"

"आणखी एक?" ती हसली. "पप्पांच्या आजोबांचं नाव पीटर. त्यांना तीन मुलगे, आणि तिघांनी थोरल्याला आजोबांचं नाव दिलं. रीतच आहे आमच्यात. एक पीटर वांद्र्याला गेला, एक आमचा, एक बावखलावरचा. आणखी पाहिजे असतील तर पलीकडच्या आळीत आहेत."

"त्यांना आज इंजेक्शन द्यायचं आहे. ते देता कामा नये. घरचा फोन आहे?"

हसणं थांबलं. "आल्बिना काकीचा आहे, पण तो कपाटावर चार्जिंगला असतो बाराही महिने. लावते मी. तुम्ही येताय का? या. भुईगावच्या चर्चवरून आत वळा, आमच्या दारात फणस आहे, मी रस्त्यावर उभी राहते."

स्वप्नालीने रक्त घ्यायची पेटी उचलली, लॅबला कुलूप लावलं आणि स्कूटर काढली.

पारनाक्याला रविवारची मासळी होती, रस्ता अर्धा टोपल्यांनी अडलेला. हॉर्न वाजवायची तिला सवय नव्हती. आज तिने तो वाजवत ठेवला. एका कोळणीने ओरडून विचारलं, "कुटं आग लागली गो?" पुढे वाड्या सुरू झाल्या, केळी, पानवेल, मध्येच नव्या इमारतीचा पत्र्याचं कुंपण. ती डोक्यात मॅक्रो वरून खाली चालवत होती. यादी वेळेप्रमाणे असते. बावखल सकाळी आधी आले, फणस नंतर. मॅक्रो वरून खाली जातो. नंतरची फाइल उरते. म्हणून उरलेला रिपोर्ट फणसचा. म्हणून बावखलचं खरं माप सहा पूर्णांक नऊ. यात कुठे फट नव्हती. तिने पुन्हा चालवून पाहिला, तेव्हाही नव्हती.

ॲनिशा फणसाखाली उभी होती. मागे पायरीवर तिचे वडील बसले होते, बनियन आणि चट्टेरी लुंगीत. त्यांनी मान वर केली.

"ही काय लॅबवाली? माझं रक्त काय त्या बावखलवाल्याला दिलं काय? परत मागून घे, तो लहानपणापासून माझ्या गोट्या परत देत नाही."

स्वप्नाली हसली नाही, कारण तिने त्यांचे डोळे पाहिले. पिवळे होते. हळदीच्या हातांनी कोणी पुसावेत तसे.

"काका, कावीळ कधीपासून?"

"झाले पंधरा दिवस. खडा अडकलाय म्हणे नळीत. म्हणून तर पोट फाडतायत."

तिने स्कूटर बंद केली. कावीळ लांबली की यकृताकडून रक्त गोठवणारी द्रव्यं नीट बनत नाहीत. गोळी न घेताही अशा माणसाचं माप चढू शकतं. क्वचित पुष्कळ चढू शकतं.

म्हणजे सहा पूर्णांक नऊ यांचंही असू शकत होतं.

मॅक्रोने नाव कापलं होतं ते चिकटपट्टीवरही कापलेलंच गेलं होतं. दोन ट्यूब, दोन्हींवर पीटर तुस्कानो, फरक फक्त बारीक छापलेल्या नंबरचा, आणि तो सुरजने 'बघितला असेनच'. शीटमधला आकडा कोणत्या ओळीत आहे याला तेवढाच अर्थ होता. ट्यूब बदलल्या असतील तर बावखलच्या पीटरचं माप खरोखरच एक पूर्णांक एक होतं, डॉक्टर बरोबर होते, आणि ती इंजेक्शन थांबवायला निघाली होती. झडपेवरची गुठळी सुटली की मेंदूत जायला एक ठोका पुरतो.

"तुमचं रक्त परत घेते," ती म्हणाली. "आत्ता. एकच ट्यूब."

"बघ, सांगितलं ना, हिला माझंच पाहिजे," पीटर म्हणाले, पण हात पुढे केला. स्वप्नालीने ट्यूबवर पेनने मोठ्या अक्षरात फणस लिहिलं.

ॲनिशा मागे बसली. "काकीचा फोन वाजतोय, कोण घेत नाय. मिस्सा सुटली मघाशीच. ग्लोरिया मावशी चर्चमधून सरळ त्यांच्याकडेच जाणार, सांगत होती."

बावखल म्हणजे वाड्यांना पाणी द्यायचं जुनं तळं. घर त्याच्या काठालाच होतं. दार उघडं होतं. आत मेजावर स्टीलचा ट्रे, त्यात कापूस, स्पिरिटची बाटली आणि भरलेली सिरिंज, सुईवर अजून टोपण. ट्रेसमोर साठीच्या पुढची एक बाई हात पुसत उभी होती. खुर्चीत चर्चच्या कपड्यांतले पीटर तुस्कानो, शर्ट वर केलेला. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या होत्या त्या आल्बिना असणार.

"देऊ नका," स्वप्नाली दारातूनच म्हणाली.

तिघांनी वळून पाहिलं. ॲनिशाने भरभर सांगितलं, ही लॅबची, रिपोर्टमध्ये घोटाळा झालाय. ग्लोरियाने ऐकून घेतलं. टॉवेल खाली ठेवला नाही.

"काय घोटाळा? रिपोर्ट आहे माझ्या फोनवर. जेसनने पाठवला. सही आहे तुमच्या डॉक्टरची."

"सही चित्र आहे, मावशी. संगणक लावतो. डॉक्टरांनी तो रिपोर्ट पाहिलेला नाही."

"पाहिलेला नाही आणि सही आहे?"

"हो."

ग्लोरियाने तिच्याकडे नीट पाहिलं. "मी मुंबईत हार्टच्या वॉर्डात नोकरी केलीय, बाय. झडपेचे पेशंट सांभाळलेत. एक जण माझ्याशी बोलता बोलता लुळा पडला, गुठळी गेली वर. त्याची एक दिवसाची गोळी राहिली होती. मला उशीर करायला सांगतेस तर नीट सांग. ह्याचा खरा आकडा किती?"

स्वप्नालीने तोंड उघडलं. सहा पूर्णांक नऊ म्हणायला हवं होतं. ते म्हटलं असतं तर सिरिंज तिथेच राहिली असती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "दोन आकडे आहेत. एक यांचा, एक फणसवाल्या काकांचा. सहा पूर्णांक नऊ यांचा असावा असं मला वाटतं. पण त्यांना कावीळ आहे, आणि ट्यूबवर दोघांचं नाव सारखं होतं."

"वाटतं!" आल्बिना म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्त लागला. "एवढा मोठा कंप्युटर ठेवलाय आणि तुम्हाला वाटतं?"

"चूक माझी आहे, काकी. मी लिहिलेल्या ओळीची. रिटाची नाही."

पीटर हलले. "शर्ट खाली करू का? पोटाला वारा लागतोय." आणि त्यांनी हनुवटीवरून हात फिरवला, तेव्हा स्वप्नालीला दिसलं. हनुवटीला वर्तमानपत्राचा कपटा चिकटवलेला होता, दाढी करताना कापल्यावर लावतात तसा. कपटा लाल होता. काळपट नाही, लाल, ओला. बोटावर डाग आला तो त्यांनी लेंग्याला पुसला, आणि तिथे आधीचे तसलेच डाग होते.

"काका, दाढी कधी केली?"

"मिस्सेला जायच्या आधी. सहाला उठून. हात कापतो हल्ली. सकाळपासून डोकं पण धरलंय जरा."

ग्लोरियानेही कपट्याकडे पाहिलं. पुढे येऊन तो दोन बोटांनी उचलला. खालून थेंब वर आला, फुगला आणि हनुवटीखाली उतरला. तिने तिथे कापूस दाबला.

"यावरून आकडा कळत नाही," ग्लोरिया म्हणाली, पण आता हळू. "तीन असला तरी कधी कधी असं येतं."

"नाही कळत. म्हणून मला रक्त द्या. लॅबला जाऊन स्वतः लावते आणि फोन करते. तोपर्यंत द्यायचं नाही, आणि ज्यांनी सांगितलं त्या डॉक्टरांना फोन लावा."

"लावला मघाशी, दुसऱ्या कामासाठी. ऑपरेशनमध्ये आहेत." ग्लोरियाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग आल्बिनांकडे. "एक तास. चर्चची बाराची आंजेलूसची घंटा वाजली की मी देणार. झडप औषधाविना ठेवणार नाही मी."

आल्बिनांनी नवऱ्याची बाही वर सरकवली.

शीर लगेच मिळाली. ट्यूब भरली, बावखल लिहिलं, सुई काढली, कापूस ठेवला. नेहमी ती म्हणते, थोडा वेळ दाबून धरा. आज म्हणाली, "हा सोडू नका. मी फोन करेपर्यंत सोडू नका." पेटी बंद करेपर्यंत कापूस भरला होता, आणि आल्बिनांनी त्यावर दुसरा ठेवला होता.

येताना रस्ता मोकळा होता, तरी ती सावकाश आली. पेटीत दोन ट्यूब होत्या. पडली असती तर परत घ्यायला वेळ नव्हता.

सुरज लॅबच्या पायरीवर उभा होता. तो काही बोलायच्या आत तिने सांगितलं, "मशिन नको. डोळ्यांसमोर, हाताने लावायचं. तू नंबर लिही, मी बोलेन." त्याने मान हलवली. ट्यूब सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोर बसवल्या. रक्ताच्या पेशी खाली बसून वर पिवळसर पाणी वेगळं व्हायला जो वेळ लागतो तो लागतोच, घाई करून कमी होत नाही. यंत्र गुणगुणत राहिलं. सुरज पाण्याचं भांडं शरीराच्या उष्णतेला आणून दोन्ही हात टेबलावर ठेवून बसला.

तिला विचार आला, आपण काय मागतोय? रक्त गोठलं तर बावखलच्या पीटरला वेळेत इंजेक्शन हवं होतं आणि तिने ते अडवलं. नाही गोठलं तर काल रात्रीची दुप्पट गोळी त्यांच्या पोटात आहे आणि त्यांचं डोकं सकाळपासून दुखतंय. यातलं बरं कोणतं, ते तिला ठरवता येईना.

आधी फणस. काचेच्या बारीक नळीत थोडा द्रव, त्यात गोठवणारं रसायन, आणि घड्याळ सुरू. ती नळी दिव्यासमोर धरून तिरपी करत राहिली, सरळ करत राहिली. पाणी इकडून तिकडे वाहत होतं. मग एका वेळी वाहिलं नाही. मध्येच जाळं धरल्यासारखं थबकलं आणि एक मऊ पांढुरका गोळा काचेला चिकटला.

"थांबलं," ती म्हणाली. सुरजने वेळ लिहिली. निरोगी माणसाच्या जवळपास. काविळीने अजून त्यांचं रक्त बिघडवलं नव्हतं.

मग बावखल.

नळी तिरपी, सरळ. तिरपी, सरळ. फणस जिथे थांबला होता तो क्षण गेला. पाणी वाहत होतं. घड्याळाचा काटा तीनचं माप असतं तिथून पुढे गेला. पाणी वाहत होतं, स्वच्छ, मोकळं, दिव्यात चमकत. सुरजने लिहायचं सोडून मान वर केली. नळी तिरपी, सरळ. तिच्या मनगटाला कळ लागली. हे पाणी एका माणसाच्या अंगभर फिरत होतं, आणि त्यात धरायला काहीच नव्हतं.

"किती?" सुरजने विचारलं.

"अजून नाही."

शेवटी काहीतरी धरलं, एक बारीक दोरा, काचेवर केसासारखा. तिने घड्याळ थांबवलं. हिशोब सुरजने केला, कारण तिला आकडे दिसत नव्हते. नऊच्या वर. कालच्यापेक्षा वाढलेलं.

तिने भुईगावला फोन लावला. पहिल्याच घंटेला ॲनिशाने उचलला.

"देऊ नका. नऊच्या वर गेलंय. हॉस्पिटलला न्या, आत्ताच्या आत्ता. डोकं दुखतंय हे सांगा. झडप आहे, गोळी डबल झालीय, हे सांगा."

पलीकडे ॲनिशाने ते मोठ्याने सांगितलेलं ऐकू आलं. काहीतरी धातूचं आदळलं, ट्रे असावा. मग ग्लोरियाचा आवाज, फोनमध्ये नाही, खोलीत: "पीटर, उठू नको एकदम. हळू. ॲनिशा, गाडी. हळू रे, कुठे आपटू नको." आणि त्याच्या मागून चर्चची घंटा.

स्वप्नाली हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत पीटरना आत घेतलं होतं. स्वप्नालीने दोन्ही वेळचे आकडे ड्युटीवरच्या डॉक्टरला सांगितले, आधीचा रिपोर्ट चुकीचा कसा गेला ते सांगितलं. डॉक्टर तरुण होता. ऐकताना त्याने एकदाच वर पाहिलं आणि म्हणाला, "हे मला लिहून द्या. तुमच्या नावानिशी." तिने लिहून दिलं. डोक्याचा स्कॅन झाला. आत रक्त नव्हतं. आत्ता तरी नाही, असं तो म्हणाला, सहा तासांनी पुन्हा बघू. रक्तपेढीतून रक्त गोठवणाऱ्या प्लाझ्माची पिशवी आली, आणि तीही हळूच सोडायची, झडप आहे, उलट बाजूला जायला नको.

दुपार गेली. कुवेतहून जेसनचा फोन आला तेव्हा आल्बिना बाहेर जाऊन बोलल्या. काय बोलल्या ते ऐकू आलं नाही. परत आल्या तेव्हा त्यांनी पदराने डोळे टिपले आणि स्वप्नालीकडे न पाहता म्हणाल्या, "तू अजून इथे काय करतेस?"

"परत रक्त घ्यायचं आहे, उतरलं का बघायला. दुसऱ्या कोणी घेतलं तर चालेल, काकी."

"दुसरा कोण? आणखी एकाचं नाव शिकू का आता मी?" त्या स्टुलावर बसल्या. "घे. पण त्या हाताचं नको. त्यातून थांबत नव्हतं. ग्लोरियाने दुपारपर्यंत धरून ठेवलं."

पीटरांचे डोळे मिटलेले होते. सुई टोचताना त्यांनी ते उघडले. "फणसवाल्याचं काय?" त्यांनी विचारलं.

"त्यांचं ठीक आहे. ऑपरेशन होईल."

"त्याचं नेहमी ठीक असतं," ते म्हणाले आणि पुन्हा मिटले.

ट्यूब भरली. स्वप्नालीने सुई काढली आणि कापूस ठेवून अंगठ्याने दाबला. सुरज दाराशी ट्यूब न्यायला उभा होता. ती तिने डाव्या हाताने त्याच्याकडे दिली. तो गेला. पिशवीतून थेंब पडत होते. आल्बिना अंगठ्याकडे बघत होत्या. खिडकीबाहेर रिक्षावाले भाड्यावरून भांडत होते, ते भांडण मिटलं, दुसरं सुरू झालं. अंगठा बधिर झाला तरी तिने काढला नाही.

"बघ तरी," आल्बिना म्हणाल्या.

तिला बघायचं नव्हतं. तिने कापूस उचलला. मध्ये एक बारीक काळं छिद्र होतं. ती वाकून बघत राहिली, ओलं होतंय का, फुगतंय का. आल्बिनाही वाकल्या, दोघींची डोकी जवळ आली.

छिद्र तसंच राहिलं, कोरडं.

"थांबलं?" आल्बिनांनी विचारलं.

"इथलं थांबलं," स्वप्नाली म्हणाली.